दिसतं एक, ऐकू येतं भलतंच!

उमरेडकर मित्रांनो, सातबारा, दाखले, निकाल, सगळं मोबाइलवर आलं. नागपूरची चक्कर वाचली म्हणून आपण खूश. पण ज्यांना दिसत नाही, त्यांची वाचली का? थोडा इतिहास सांगतो.

दृष्टिहीन माणूस पडदा ऐकतो. मजकूर वाचून दाखवणारा 'जॉज' हा स्क्रीन रीडर अमेरिकेत १९८९ मध्ये आला, पण तो महागडा. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' बनवायला घेतला आणि फुकट वाटला.

मराठीचं दुखणं मात्र वेगळंच होतं. कृतिदेवमध्ये 'भारत' टाइप केलं, की डोळ्यांना भारतच दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तेच बडबडणार! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी जुने फॉन्ट वर्षानुवर्षं चालूच राहिले. त्या काळच्या पीडीएफ आजही तशाच पडून आहेत.

आता दुसरा घोळ बघा. नुसतं भिंगाचं चित्र असलेल्या बटणाला 'शोधा' असं नाव द्यायचं, पण ते डोळ्यांना दिसू द्यायचं नाही, म्हणून वेबसाइटवाले शब्द लपवतात. हेतू चांगला. पण सरसकट लपवलं, तर ते स्क्रीन रीडरलाही सापडत नाही. उरतं नुसतं 'बटण'. एका पिक्सेलच्या चौकटीत कोंबलं, तर शब्द तुटून एकाखाली एक जातात आणि काही स्क्रीन रीडर ते जोडून 'अर्जडाउनलोडकरा' असं वाचतात. उलट, मिटलेला मेनू फक्त नजरेआड केला, तर त्यातल्या सगळ्या लिंका कानावर आदळतात. मी फोनवर टॉकबॅक लावून, डोळे मिटून काही पानं ऐकली. अर्ज कुठे भरायचा, तेच कळेना.

ही दयेची गोष्ट नाही, हक्काची आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. ३० एप्रिल २०२५ रोजी, दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्याही याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून आपल्या गावासाठी कुणीही नवी वेबसाइट बनवली, तर उद्घाटनाची फीत कापण्याआधी एका दृष्टिहीन माणसाला ती वापरून बघू द्या. त्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला गेला, की मगच टाळ्या वाजवू. पटत असेल तर शेअर करा.