क्रांतीच्या शेजारची खोली

गेल्या दिवाळीत, फराळाची ताटे पुढ्यात असतानाच, माझ्या नातवाने मला विचारले, "आजोबा, सिक्स्टीजमध्ये तुम्ही लंडनला होतात ना? मग ती लैंगिक क्रांती तुम्ही प्रत्यक्ष पाहिली असेल!" सूनबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले, आमच्या सौभाग्यवतींनी घाईघाईने चकल्यांचा डबा पुढे सरकवला, आणि मी "हो, पाहिली थोडीशी" असे पुटपुटून चकली मोडली. या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. म्हणून हा लेख.

मी १९६४ च्या सप्टेंबरात बोटीने विलायतेला उतरलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेला, वडील शाळामास्तर, खिशात इंजिनियरिंगची पदवी आणि ट्रंकेत आईने दिलेला मेतकुटाचा डबा. खोली शोधायला निघालो तर खिडक्याखिडक्यांतून पाट्या दिसत : काळ्या माणसांना जागा नाही. १९६५ साली वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला खरा, पण त्यात घरभाड्याचा समावेश नव्हता. तो व्हायला १९६८ साल उजाडावे लागले. अखेर उत्तर लंडनात एका म्हाताऱ्या घरमालकिणीने तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली. तिथे गॅसच्या शेगडीला मीटर होता. त्यात शिलिंगचे नाणे टाकले की तेवढ्यापुरती ऊब मिळे. ज्या क्रांतीविषयी पुढे शेकडो ग्रंथ लिहिले गेले, तिच्या ऐन मध्यावर मी बहुतेक संध्याकाळी कांबळे पांघरून पुढचे शिलिंग आज टाकावे की उद्या, याचा विचार करीत बसलेला असे.

यात मी एकटा नव्हतो. मायकेल स्कोफील्ड या समाजशास्त्रज्ञाने पंधरा ते एकोणीस वयाच्या जवळजवळ दोन हजार इंग्रज मुलामुलींची पाहणी करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तरुण पिढी बिघडली अशी ओरड चालू असताना, या पिढीतील बहुसंख्यांना शरीरसंबंधाचा काहीच अनुभव नाही असे त्यात आढळले. क्रांती प्रथम वर्तमानपत्रांत झाली, मग कायद्यांत, आणि घराघरांत ती फार सावकाश शिरली.

कायद्यांची गोष्ट मोठी मनोरंजक आहे, आणि तिचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोहोचतो. डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी पेंग्विन प्रकाशनाने पूर्ण स्वरूपात छापली, तेव्हा १९६० च्या ऑक्टोबरात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला उभा राहिला. हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकराने वाचलेले तुम्हांला चालेल काय, असा प्रश्न सरकारी वकिलाने ज्यूरीला केला. ज्यूरीत तीन स्त्रिया होत्या आणि घरात नोकर ठेवणारे फारसे कोणी असण्याची शक्यता नव्हती. २ नोव्हेंबर १९६० रोजी प्रकाशक निर्दोष सुटले आणि साडेतीन शिलिंगांच्या त्या पुस्तकाच्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती खपल्या.

मी ते चेअरिंग क्रॉस रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकत घेतले. घेताना हात कापत होते. कारण मी निघालो त्याच्या आदल्याच महिन्यात, १९६४ च्या ऑगस्टात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. न्यायालयाने वापरलेली अश्लीलतेची कसोटी १८६८ सालच्या एका इंग्रजी निकालातली होती. ज्याचे मन सहज विकारवश होईल अशा माणसाला जे बिघडवू शकते ते अश्लील, अशी ती कसोटी. इंग्लंडने १९५९ सालीच नवा कायदा करून ती मोडीत काढली होती. आपण मात्र २०१४ पर्यंत ती सांभाळली. साहेबाने टाकलेला कोट आपण इस्त्री करून घालत राहिलो! आणि मी, त्या कोटातला तरुण, पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टण घालून वाचत होतो. इंग्रजांच्या देशात बसून इंग्रजांच्याच आजोबांना भीत होतो.

दुसरी गोष्ट गोळीची. संततिप्रतिबंधक गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली. तिच्यामागे मार्गारेट सँगर बाईंची जिद्द होती, कॅथरिन मॅकॉर्मिक या धनिक विधवेचा पैसा होता आणि ग्रेगरी पिंकस यांचे शास्त्र होते. मूळ पदार्थ मेक्सिकोतल्या रानकंदातून काढला जाई, आणि १९५६ पासून तिचे मोठे प्रयोग पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर झाले. त्यांना धोक्यांची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती. मुक्तीची किंमत अशी भलत्याच कोणीतरी आधी चुकवलेली असते. इंग्लंडात ही गोळी सरकारी आरोग्यसेवेतून, महिन्याला दोन शिलिंग अशा सवलतीच्या दराने देण्याची घोषणा १९६१ च्या डिसेंबरात आरोग्यमंत्र्यांनी केली. ते मंत्री म्हणजे इनॉक पॉवेल. याच पॉवेल साहेबांनी १९६८ च्या एप्रिलमध्ये आम्हां परदेशी लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसेना. एका दाराने स्वातंत्र्य आत येत असता दुसरे दार लावून घेतले जाऊ शकते, हे मी त्या बसमध्ये शिकलो.

आता माझ्या मनाची स्थिती सांगतो. मी कोण, हा प्रश्न मला पुण्यात कधी पडला नव्हता. तिथे तो वाड्याने, आडनावाने आणि मास्तरांचा मुलगा या पदवीने परस्पर सोडवला होता. लंडनात मात्र मी दोन्हीकडून उणा ठरे. गोऱ्या सोबत्यांच्या मोकळ्या गप्पांत मला मागासलेला वाटे; घरची पत्रे वाचताना पतित वाटे. अशाच एका उदास रविवारी मी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. इथे विवाहित स्त्रिया संततिनियमनाच्या दवाखान्यात उघडपणे जातात, यावर वृत्तपत्रांतून चर्चा होते, आपल्याकडे असे काही सुचायलाही शंभर वर्षे लागतील, असे त्यात बरेच फटकारले होते. वडील रागावतील अशी अपेक्षा होती. किंबहुना त्यांनी रागवावे म्हणूनच लिहिले होते.

तीन आठवड्यांनी निळे हवाईपत्र आले. "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. तू ज्याला शंभर वर्षे म्हणतोस त्यातली चव्वेचाळीस होऊन गेली आहेत. स्टोप्सबाईंनी लंडनात दवाखाना काढला त्याच वर्षी, १९२१ साली, रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत काढला. 'समाजस्वास्थ्य'चा मी बारा वर्षे वर्गणीदार होतो. अंक शाळेच्या पत्त्यावर मागवीत असे. तुझ्या आईस ठाऊक आहे. थंडीत गरम कपडे घालीत जावे."

ते पत्र मी किती वेळा वाचले कोण जाणे. माझे वडील, जे माझ्याशी पाढे आणि प्रकृती यांपलीकडे कधी बोलले नाहीत, ते 'समाजस्वास्थ्य'चे वर्गणीदार! त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या विवस्त्र स्त्रीच्या चित्राने सबंध महाराष्ट्र लाजेने लाल झाला होता, आणि आमच्या घरी ते शाळेच्या गणिताच्या वह्यांबरोबर येत होते.

मग मी कर्व्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. रघुनाथ धोंडो हे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांसाठी बापाने समाजाचा बहिष्कार सोसलेला. पण मुलाचा मार्ग बापालाही अवघड वाटावा असा. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकून आलेले. संततिनियमनाचा प्रचार थांबवावा की नोकरी सोडावी, असा पेच पडला तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत एकहाती चालवले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच. पत्नी मालतीबाईंनी अर्थार्जनाचा भार उचलला. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही.

आणि त्यांच्याच महाराष्ट्रात पुढे काय घडले पाहा. १९३५ च्या डिसेंबरात सँगरबाई वर्ध्याला येऊन महात्माजींशी वाद घालून गेल्या. बाईंचा भर साधनांवर, महात्माजींचा संयमावर. दोघेही आपापल्या जागी राहिले. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि नियोजित पालकत्वाचा जागतिक संघ तिथे जन्मला. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे करणारा जगातला तो पहिला देश. मी ज्या क्रांतीचा पाहुणा समजत होतो, तिच्या घरातलाच होतो.

स्टोप्सबाईंचा पहिला दवाखाना हॉलोवे भागात होता. माझी बस रोज तिकडूनच जाई. एका शनिवारी मी मुद्दाम तिथे उतरून तो रस्ता चाललो. पाहण्यासारखे काही नव्हते. दवाखाना १९२५ सालीच व्हिटफील्ड स्ट्रीटला हलला होता. पण परतताना माझी मान ताठ होती. त्यानंतर कँटीनमध्ये कोणी पूर्वेकडच्या मागासलेपणाचा विषय काढला की मी कर्व्यांची गोष्ट सांगे. मला माझी ओळख सापडली, असे मला वाटू लागले.

ती किती कच्ची होती, ते पुढच्या हिवाळ्यात कळले.

माझ्या शेजारच्या खोलीत एक वेल्श तरुण राहत असे. रेल्वेच्या कचेरीत कारकून. माझी शेगडी विझली की तो आपले शिलिंग माझ्या मीटरात टाकी. मला फ्लू झाला तेव्हा आठ दिवस त्याने सूप करून पाजले. १९६६ च्या डिसेंबरात एका रात्री तो माझ्या खोलीत आला आणि खाली मान घालून त्याने सांगितले की त्याचे प्रेम पुरुषांवर आहे, हे कोणालातरी कळले आहे आणि तो माणूस दर महिन्याला त्याच्याकडून पैसे उकळतो. पोलिसांत जावे तर आधी यालाच तुरुंग. १८८५ च्या कायद्याने अशा हजारोंना धमकावणाऱ्यांच्या हाती दिले होते. वुल्फेंडन समितीने हा गुन्हा रद्द करावा असे १९५७ सालीच सांगितले होते. पार्लमेंट नऊ वर्षे विचारच करीत होते.

त्याने माझ्याकडे पैसे मागितले नाहीत, सल्लाही मागितला नाही. त्याला फक्त कोणीतरी ऐकायला हवे होते. मी "परीक्षा जवळ आली आहे" असे म्हणालो. दोन आठवड्यांत मी खोली बदलली. कर्व्यांच्या नावाने मान ताठ करणारा मी, लोक काय म्हणतील या सदाशिव पेठी भीतीने एका आजारपणातल्या सोबत्याला टाकून निघून गेलो.

२७ जुलै १९६७ रोजी तो कायदा बदलला. एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांचा खाजगीतला, संमतीचा संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा राहिला नाही. वर्तमानपत्र हातात घेऊनच मी त्या संध्याकाळी जुन्या घरी गेलो. घरमालकीण म्हणाली, तो मार्चमध्येच गेला. पत्ता ठेवला नाही. त्याच्या खोलीत दुसरा भाडेकरू आला होता. मी बराच वेळ जिन्यात उभा राहिलो आणि मग परतलो.

१८६० साली इंग्रजांनी आपल्या दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधापुरते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. दूरदर्शन संचावर ती बातमी पाहताना माझ्या डोळ्यांसमोर लंडनचा तो जिना होता. इंग्लंडनंतर आपल्याला एक्कावन्न वर्षे लागली, असे कोणीतरी पडद्यावर म्हणत होते. मला स्वतःला किती वर्षे लागली, हे मी मनात मोजत होतो.

नातवाचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. क्रांती पाहिली का? तिचे कायदे वाचले, पुस्तके विकत घेतली, दवाखान्याच्या रस्त्यावरून फिरलो. पण ती एकदा माझे दार ठोठावून आत आली होती, तेव्हा मी तिला परीक्षेची सबब सांगितली. या दिवाळीत तो पुन्हा घरी येणार आहे. या वेळी सौभाग्यवतींनी चकल्यांचा डबा पुढे केला तरी मी बोलायचे ठरवले आहे. आणि त्याला मला काही सांगायचे असेल, तर ते ऐकायचेही ठरवले आहे.