रंगावरचा रंग : मोटारीच्या तकाकीची शंभर वर्षे

नवी मोटार घेताना किमतीची बोलणी संपतात, विम्याचे ठरते आणि आता सही करायची एवढ्यात विक्रेता आणखी एक यादी पुढे सरकवतो. पायपुसणी, सीटची कव्हरे यांच्या जोडीला त्या यादीत एक ओळ हमखास असते : रंगाचे संरक्षण. पूर्वी या ओळीत ‘टेफ्लॉन कोटिंग’ असे लिहिलेले असे, आता ‘सिरॅमिक कोटिंग’ असे असते. लाखांच्या व्यवहारात काही हजारांची ही रक्कम लहान वाटते. शिवाय, ‘एवढी गाडी घेताय, मग रंगासाठी एवढे करायलाच हवे’ हा युक्तिवाद खोडून काढणे त्या घडीला कठीण असते. कर्जाचे हप्ते फेडून गाडी घेणाऱ्या शिक्षकाला मात्र हे पैसे लहान नसतात.

हा खर्च करावा की नाही, याचे उत्तर जाहिरातीत शोधण्यापेक्षा मोटारीच्या रंगाच्या इतिहासात शोधलेले बरे. कारण रंगाला वरून संरक्षण द्यावे लागते ही समजूत खोटी नव्हती. एके काळी ती अगदी खरी होती. ती कधी खरी होती आणि कधीपासून तितकीशी खरी राहिली नाही, हे पाहू.

आठवडेच्या आठवडे वाळणारा रंग

सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवल्या जात. जवसाचे तेल, राळ आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण कुंचल्याने लावायचे, वाळू द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे, पुन्हा लावायचे आणि शेवटी वार्निशचे हात द्यायचे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट पापुद्रा बनतो. ही क्रिया संथ असते. त्यामुळे एक गाडी रंगवून बाहेर पडायला काही आठवडे लागत.

घोडागाड्यांच्या धंद्यात हे चालून जात होते. पण फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ बाजारात आणली आणि १९१३ मध्ये सरकत्या जुळणीची पद्धत सुरू केली. सांगाडा जुळवायला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत, ते काम १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर आले. आता अडचण रंगाची झाली. गाडी दीड तासात जुळणार आणि रंग मात्र आठवडेच्या आठवडे वाळणार, हे गणित जमेना. फोर्डने डांबरासारख्या खनिज पदार्थापासून बनवलेले काळे वार्निश वापरले. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि भट्टीत भाजून लवकर वाळवता येत होते. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, त्यामागे ही कारणे होती.

स्फोटकाचा झाला रंग

पुढची वाट रणांगणावरून आली. १८४६ मध्ये बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन याने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज तयार केले. हा कापूस भडकन जळतो, म्हणून त्याचा उपयोग बंदुकीच्या दारूसाठी झाला. हाच पदार्थ योग्य द्रावकात विरघळवून पसरला की द्रावक उडून जातो आणि मागे पारदर्शक पापुद्रा राहतो. मग याचाच रंग का करू नये? अडचण अशी, की त्याचे द्रावण फार दाट होई. फवारता येण्याइतके पातळ केले तर त्यात पदार्थच थोडा उरे आणि मग असंख्य हात द्यावे लागत. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत या पदार्थाच्या लांबलचक रेणुसाखळ्या आखूड करून दाटपणा कमी करण्याची युक्ती हाती लागली.

द्रावकाची गोष्टही तितकीच मजेची आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवे होते. पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी स्टार्च आंबवून ॲसिटोन देणारा जीवाणू शोधला होता. पण हा जीवाणू ॲसिटोनपेक्षा ब्युटेनॉल जास्त बनवी. युद्धात ते नकोसे होते. युद्ध संपल्यावर त्याच ब्युटेनॉलपासून ब्युटिल ॲसिटेट तयार करण्यात आले आणि नायट्रोसेल्युलोजच्या रंगाला ते उत्तम द्रावक ठरले. कालचा टाकाऊ पदार्थ आज मुख्य झाला.

ड्यू पाँने या रंगाला ‘ड्युको’ असे नाव दिले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारी या निळ्या रंगात बाजारात आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि ग्राहकाला रंग निवडता येऊ लागला. लवकरच फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला. आपल्याकडचे रंगारी आजही कपाटाला किंवा दाराला ‘ड्युको मारतात’, तो शब्द इथून आलेला आहे.

पॉलिश खरोखरच लागे

या रंगात एक उणीव होती. तो केवळ द्रावक उडून वाळत असल्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जात नसत. त्यातच सूर्यप्रकाशाने नायट्रोसेल्युलोजचे विघटन होई. वरचा थर मरून जाई, रंगद्रव्याची भुकटी उघडी पडे आणि बोट फिरवले तर खडूसारखी पूड लागे. यावर उपाय एकच होता. बारीक अपघर्षकाने मेलेला थर घासून काढायचा आणि खालच्या ताज्या थरावर मेण चढवायचे. अमेरिकेत ‘सिमोनाइझ’सारखी उत्पादने यासाठीच गाजली. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण कठीण व चकाकणारे असल्याने त्याला मागणी आली.

म्हणजे रविवारी सकाळी गाडी घासत बसणारा त्या काळचा मालक वेडा नव्हता. तो घासला नसता, तर गाडी दोन-तीन उन्हाळ्यांत फिकी पडली असती. पण दर वेळी घासताना थोडा रंग निघून जात होता, हेही लक्षात ठेवू. पुढे १९३० च्या दशकात भट्टीत भाजले जाणारे अल्किड रंग आणि १९५० च्या दशकात ॲक्रिलिक रंग आले. ते जास्त टिकत, तरी पॉलिशची सवय कायम राहिली.

संरक्षण कारखान्यात शिरले

खरा बदल १९६० ते १९९० या काळात झाला. पहिला बदल तळाशी झाला. फोर्डच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ब्रूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतलेपनाची पद्धत विकसित केली. पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवायची आणि विद्युतप्रवाह सोडायचा. रंगाचे भारित कण पत्र्यावर जाऊन बसतात. जिथे थर बसला तिथे विद्युतरोध वाढतो, म्हणून कण उरलेल्या उघड्या जागी वळतात. कुंचला किंवा फवारा पोहोचत नाही अशा सांदीकोपऱ्यांतही लेप बसतो. गंजाविरुद्धची लढाई यामुळे बरीचशी जिंकली गेली. १९७० च्या दशकात पत्रा ऋणाग्र करण्याची अधिक चांगली पद्धत आली आणि तीच रूढ झाली.

दुसरा बदल सर्वांत वरच्या थरात झाला. १९८० च्या दशकात रंगाच्या थरावर रंगहीन पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. आजच्या मोटारीवर साधारणपणे चार थर असतात. विद्युतलेप सुमारे २० मायक्रॉन, त्यावर अस्तर ३० ते ३५, मग रंग सुमारे १५ आणि शेवटी पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे मिळून जाडी माणसाच्या दोन केसांइतकी होते. पारदर्शक थराचे रेणू भट्टीत एकमेकांशी जोडले जातात, त्यामुळे तो द्रावकात विरघळत नाही. अतिनील किरण शोषणारी आणि त्यांनी होणारी रेणूंची मोडतोड थोपवणारी द्रव्येही त्यात मिसळलेली असतात.

थोडक्यात, पॉलिश आणि मेण जे काम करत होते, ते काम हा थर करतो. रंगाचे संरक्षण गाडीच्या किमतीत आधीच भरलेले असते.

हा प्रवास अडखळल्याशिवाय झाला नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बनलेल्या अनेक मोटारींचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला. काही ठिकाणी मधले अस्तर गाळले होते. अतिनील किरण रंगातून पार होऊन विद्युतलेपापर्यंत पोचले, त्याचा वरचा भाग कमकुवत झाला आणि वरचे थर सुटले. त्याच सुमारास फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल परिसरात मोटारींच्या पारदर्शक थरावर आम्लयुक्त पाऊस आणि दव यांचे खळगे पडू लागले. तेव्हापासून ते शहर रंगांच्या चाचणीचे ठिकाणच बनले. या दोन्ही रोगांवर औषध सापडले ते कारखान्यात, थरांची रचना आणि रसायने बदलून. मेणाचा पातळ हात पत्र्याजवळच्या लेपाला वाचवू शकला नसता.

टेफ्लॉनपासून सिरॅमिकपर्यंत

गरज कमी झाली, पण विक्री थांबली नाही. तिने नवी नावे घेतली. टेफ्लॉनचा शोध ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यू पाँचेच रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना अपघाताने लागला. हा पदार्थ ३२७ अंश सेल्सियसला वितळतो. तव्यावर त्याचा अखंड थर बसवायला त्याहून अधिक तापमान द्यावे लागते. मोटारीचा रंग कारखान्यातसुद्धा साधारण १४० अंशांना भाजतात. मग शोरूमच्या मागच्या बाजूला फडक्याने चोळलेल्या टेफ्लॉनचा तव्यासारखा थर बसणार कसा? बाटलीत टेफ्लॉनची पूड असेलही, पण चमक येते ती सोबतच्या मेणामुळे आणि पॉलिशमुळे.

सिरॅमिक लेपाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात सिलिकॉनची संयुगे असतात. हवेतील बाष्पाशी क्रिया होऊन ती जोडली जातात आणि काचेशी नाते सांगणारा पातळ थर बनतो. मेणापेक्षा तो खूप जास्त टिकतो, त्यावर पाणी ठरत नाही आणि चिखल सहज निघतो. एवढे गुण मान्य करायला हवेत. पण हा थर बहुधा एक-दोन मायक्रॉनांचाच असतो. चाकाखालून उडालेल्या खड्यापुढे त्याचा काय पाड लागणार?

त्याची ‘९एच’ ही कठीणताही नीट समजून घ्यावी. पुष्कळांना ती मोह्झच्या मापनातील ९, म्हणजे माणकाइतकी वाटते. प्रत्यक्षात ते पेन्सिलीचे माप आहे. ९एच पेन्सिलीने चरा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांची कठीणता मोह्झच्या मापाने ७ असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, की चरे पडायचेच.

खड्यांपासून खरोखर वाचवते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती सुमारे १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड आणि लवचिक असते. ती आघात शोषून घेते. पण पूर्ण गाडीला लावायचा तिचा खर्च इतका येतो, की त्या पैशांत एखादा दरवाजा किंवा बॉनेट अनेकदा रंगवून घेता येईल.

मग पैसे द्यावेत का?

गाडी बारा महिने उघड्यावर उभी राहत असेल, धुवायला वेळ नसेल आणि तकाकीची हौस असेल, तर सिरॅमिक लेप ही एक सोय आहे. ती सोय म्हणून विकत घ्यावी. तो दिला नाही तर रंग जाईल, ही भीती मात्र बाळगू नये. सतत महामार्गावर धावणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागापुरती फिल्म लावणे समजण्यासारखे आहे. बाकीच्यांनी सहीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा थर किती मायक्रॉनांचा आहे? तो नेमका कशापासून वाचवतो? आणि हमीपत्रात कोणकोणत्या गोष्टी वगळल्या आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाचल्यावर पुष्कळदा पहिले दोन विचारावे लागत नाहीत.

रंगाची खरी काळजी स्वस्त असते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच मऊ फडके लावावे. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लगेच धुऊन काढावा. उन्हात पारदर्शक थर किंचित मऊ होतो, वर वाळणारी विष्ठा आक्रसते आणि तिचा ठसा थरावर कायमचा उमटतो. कोकणात राहणाऱ्यांनी गाडीचा तळ आणि दारांच्या खालची पाणी जाण्याची भोके अधूनमधून स्वच्छ करावीत. खारी हवा आणि साचलेला चिखल गंजाला आमंत्रण देतात, आणि वरची चमक तिथे उपयोगी पडत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर मेणबत्ती घासून फडक्याने चोळा, दुसरी स्वच्छ ठेवा. दोन्हींवर विंधनविहिरीच्या पाण्याचा एकेक थेंब टाकून उन्हात वाळू द्या. मेणाच्या पट्टीवर थेंब गोल राहील आणि क्षार एकाच जागी साचून ठळक डाग पडेल. साध्या पट्टीवर पाणी पसरेल व डाग फिका दिसेल. ‘पाणी ठरत नाही’ याचा अर्थ ‘डाग पडत नाही’ असा होत नाही, हे मुलांच्या लक्षात येईल.

नंतर काचेच्या स्वच्छ पट्टीवर मिळतील तेवढ्या कठीण पेन्सिलींनी ओरखडे काढायचा प्रयत्न करा. एकही उमटणार नाही. म्हणजे पेन्सिलीच्या मापाने काच सर्वांत कठीण ठरली. आता त्याच पट्टीवर चिमूटभर वाळू टाकून लाकडी ठोकळ्याने घासा आणि पट्टी प्रकाशात धरा. ९एच म्हणजे काय आणि काय नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.