दिनविशेष : १३ जून २०१७ – नागपूरचा डॉक्टर अमेरिका ओलांडायला निघाला

‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत २०१७ साली पश्चिमेच्या ओशनसाइडहून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसला जात होती. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत १२ दिवस. ‘टूर द फ्रान्स’मध्ये टप्पा संपला की घड्याळ थांबते, इथे झोपेतही चालूच. आजच्या दिवशी २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्याने निघाले आणि ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोहोचले. मुदतीला तीन तासही उरले नव्हते! थोडे आधी पोहोचलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ ही एकेरी शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय. गाडीवाल्यांनो, पहाटे रस्त्यावर अशा शर्यतीचा सराव करणारा सायकलवाला दिसला तर हातभर जागा सोडाच.