कानाला सवय होते, काळजाला नाही



आमचा बचत गट कुर्ल्याच्या पश्चिमेला, विमानं उतरतात त्या वाटेखाली आहे. गटाच्या बैठकीत आमची एक खूण ठरलेली आहे. विमान आलं की बोलणारी हात वर करते, सगळ्या गप्प होतात आणि विमान गेलं की राहिलेलं वाक्य पुन्हा सुरू होतं. ही खूण कुणी ठरवली ते आज कुणालाच आठवत नाही. नवीन सभासद पहिल्या बैठकीत आम्हाला हसते. तिसऱ्या बैठकीत तिचाही हात आपोआप वर जातो.

मध्यंतरी बैठक चालू असतानाच आमच्यातल्या एकीला तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती उलव्याला राहते. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ साली सुरू झाला, त्याच्या अगदी शेजारी. ती म्हणाली, "ताई, तुम्ही इतकी वर्षं विमानांखाली राहताय. होते ना गं सवय?" फोन स्पीकरवर होता. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "होते, होते!" फोन ठेवल्यावर मात्र एकीने विचारलं, "खरंच होते का?" आमच्यातल्या काही जणी बीपीची गोळी घेतात. त्याला कारण विमानच, असं आम्ही म्हणणार नाही. मीठ आहे, काळजी आहे, वय आहे. पण प्रश्न मनात राहिला. म्हणून या आवाजाचा इतिहास आम्ही शोधला. शाळा-कॉलेजात राजांचा, लढायांचा इतिहास शिकलो होतो. आपल्या डोक्यावरच्या आवाजाचा इतिहास कुणी शिकवला नव्हता.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या छोट्या विमानाने तिथेच उतरले. त्या काळी विमान आलं की लोक बघायला धावत असतील. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जायची. पुढे सांताक्रूझचा मोठा तळ तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाकडे होता आणि स्वातंत्र्यानंतर प्रवासी विमानं तिथून उडू लागली. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं. तेही पंख्याचंच होतं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आलं, १९७१ मध्ये जम्बो जेट आलं, १९८१ मध्ये सहारची इमारत उघडली. २०१८ साली तर या विमानतळावर एकाच दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली.

हे एवढ्यासाठी सांगतो की आम्हाला नेहमी ऐकवलं जातं, "विमानतळाजवळ राहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ज्या सहार गावाचं नाव त्या इमारतीला मिळालं, ते गाव विमानतळाच्या कितीतरी आधीचं. बाकीचे आम्ही कामासाठी आलो, हे खरं. पण आमच्या सासवा इथे आल्या तेव्हाचा आवाज आणि आजचा आवाज एक नाही. आम्ही नंतर आलो असू, पण आवाजही आमच्या मागून वाढत गेला.

आता जरा लांब जाऊ. या आवाजाचा एक गाजलेला खटला कोंबड्यांचा आहे. आपल्यापैकी ज्या बहिणी कोंबडीपालन करतात, त्यांनी नीट ऐकावं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॉझबी नावाचं शेतकरी कुटुंब कुक्कुटपालन करत होतं. महायुद्धात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमानं येऊ लागली. ती त्यांच्या जमिनीवरून फक्त ८३ फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या उडून भिंतींवर आपटत आणि मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या, धंदा बंद पडला, घरातल्यांची झोप गेली. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४६ मध्ये कॉझबी जिंकले. न्यायालयाचं म्हणणं असं की इतक्या खालून आणि इतक्या वेळा विमानं नेणं म्हणजे त्या माणसाची जमीनच वापरायला घेणं, तेव्हा भरपाई द्या. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. भरपाई मिळाली ती जमिनीच्या नुकसानीची. झोपेचा आणि जिवाच्या धास्तीचा हिशोब कसा करायचा, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

तो हिशोब हळूहळू सुरू झाला. लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवती १९६१ साली लोकांना घरोघर जाऊन विचारण्यात आलं. त्यावरून सरकारी समितीने १९६३ च्या अहवालात एक मोजमाप मांडलं. त्यात आवाज किती मोठा, एवढंच पाहून थांबले नाहीत. तो दिवसात किती वेळा येतो, हेही धरलं. आपल्याला ही साधी गोष्ट वाटेल.  घरात बसलेल्या बाईला मात्र पहिल्यापासून माहीत होतं की एक विमान सोसता येतं, शंभरावं सोसत नाही.

जपानमध्ये ओसाकाच्या इतामी विमानतळाजवळची माणसं १९६९ मध्ये कोर्टात गेली. रात्रीची विमानं बंद करा आणि झालेल्या त्रासाची भरपाई द्या, अशी त्यांची मागणी होती. १९७५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने रात्री नऊ ते सकाळी सात विमानं बंद ठेवायला सांगितलं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उड्डाणं थांबवायचा आदेश नाकारला, पण झालेल्या त्रासाची भरपाई मान्य केली. म्हणजे कोर्टात निम्मंच मिळालं. तरी नऊ ते सातची शांतता त्या विमानतळावर आजही पाळली जाते. आणि ओसाकाचा पुढचा मोठा विमानतळ १९९४ मध्ये उघडला तो समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर, वस्तीपासून दूर.

आता मुलांकडे वळू. १९८० साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधल्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानतळाच्या वाटेखालच्या शाळांवरून शाळेच्या वेळात सरासरी दर अडीच मिनिटांनी विमान जात होतं. संशोधकांनी तिथली तिसरी-चौथीची मुलं आणि शांत शाळांमधली त्याच वर्गांतली मुलं तपासली. विमानाखालच्या मुलांचा रक्तदाब जास्त निघाला. दोन्हीकडच्या मुलांना कोडं सोडवायला दिलं, तेव्हा विमानाखालची मुलं ते वेळ संपण्याआधीच सोडून द्यायची. वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही मुलं आवाजाला सरावली असं फारसं दिसलं नाही.

मैत्रिणींनो, हे वाचून आमच्या बैठकीत सगळ्या गप्प बसल्या, आणि तेव्हा वरून विमान जात नव्हतं. "लक्ष नाही, धीर नाही, चटकन सोडून देतो," असं आपण आपल्याच मुलांना कितीदा बोललो असू.

यापुढचा पुरावा जर्मनीतल्या म्युनिकचा. मे १९९२ मध्ये तिथला जुना विमानतळ बंद झाला आणि दुसरीकडे नवा उघडला. दोन्ही ठिकाणची मुलं संशोधकांनी आधी तपासली होती, नंतर पुन्हा तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लक्षात ठेवणं मागे पडलं. त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढली, रक्तदाबही वाढला. जुन्या विमानतळाजवळ मात्र आवाज थांबल्यावर मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. म्हणजे दोष मुलांचा नव्हता, घरचाही नव्हता. आणि आवाज थांबला तर झालेलं नुकसान भरूनही येतं. आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त धीर देणारी गोष्ट हीच वाटली.

राहिला प्रश्न सवयीचा आणि बीपीचा. २००८ साली युरोपातल्या सहा विमानतळांजवळच्या जवळपास पाच हजार माणसांचा अभ्यास पुढे आला. सगळी ४५ ते ७० वयाची, किमान पाच वर्षं तिथे राहिलेली. रात्रीच्या विमानांचा आवाज दहा डेसिबलने जास्त असलेल्या ठिकाणी उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी जास्त दिसली. दहा डेसिबल म्हणजे आपल्या कानाला साधारण दुप्पट वाटणारा आवाज. याच अभ्यासात काही जणांना रात्रभर रक्तदाबाचा पट्टा बांधून झोपवलं. विमान गेलं की रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी सहाच्या आसपास वाढत होता, तोही माणूस झोपेत असताना.

इथे आम्हाला आमचं उत्तर मिळालं. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. आपण झोपलो तरी कान जागा असतो. मोठा आवाज आला की शरीर त्याला धोका समजतं, ताणाची संप्रेरकं सुटतात, नाडी जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात. सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही आणि आपण म्हणतो, "मला काही ऐकूच येत नाही आता." कानाला सवय झालेली असते. काळजाला झालेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी शिफारस केली की रात्रीच्या विमानांचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या आत असावा. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सर्वसाधारण मर्यादा आहे. हे आकडे आपण पाठ करावेत. कारण उद्या कुठल्या कार्यालयात गेलो आणि "फार त्रास होतो" एवढंच म्हणालो, तर ऐकणारा मान हलवतो आणि पुढच्या माणसाला बोलावतो.

विमानं नकोत, असं आम्ही म्हणत नाही. आमच्या कितीतरी घरांची चूल विमानतळावरच्या कामावर पेटते. सफाईला, सामान चढवायला, स्वयंपाकघरात आमचीच माणसं आहेत. पण विमान आमच्या पोटाला देतं म्हणून त्याने आमच्या पोरांच्या अभ्यासातून वसूल करावं, हा हिशोब आम्हाला मान्य नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो. तिशीच्या पुढच्या सगळ्या जणी बीपी तपासून घेतो, काही होत नसलं तरी. मुलांचं अंथरूण खिडकीपासून लांबच्या भिंतीकडे घालतो. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलं आहे की विमान जाताना सांगितलेलं वाक्य पुन्हा सांगा. आणि गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी एक नवी वही ठेवली आहे. तिच्यात तीनच रकाने आहेत: तारीख, वेळ आणि काय थांबलं. तिसऱ्या रकान्यात कुणी लिहिते "बाळाची झोप", कुणी लिहिते "सहावीचं गणित", कुणी लिहिते "फोनवर आईचं बोलणं".

उलव्याच्या बहिणीला आम्ही परत फोन केला. म्हणालो, "अगं, तेव्हा चुकीचं सांगितलं. सवय होत नाही, आपल्याला नुसती तशी वाटते. तुझ्याकडे विमानं अजून नवीन आहेत. म्युनिकच्या लोकांसारखं आधीचं आणि नंतरचं तुला अजून आठवतंय, ते विसरायच्या आत लिहून ठेव. मुलांचं बघ, बीपी तपास आणि एक वही कर."

तिने विचारलं, "वहीत लिहू काय?" आमच्यातली एक सांगायला लागली, तेवढ्यात वरून विमान आलं. तिने हात वर केला. ते जाईपर्यंत आम्ही थांबलो, मग तिला तीन रकाने सांगितले, आणि आमच्या वहीत त्या दिवसाची ओळ लिहिली.