यंत्रातली काटकसर कोणाच्या अंगावर?

संगणकाचा इतिहास बहुधा शोधकांचा आणि भांडवलाचा म्हणून सांगितला जातो. यंत्राच्या उणिवा ज्यांनी जागरणे करून झाकल्या, त्यांचा उल्लेख त्यात क्वचित येतो. आज आम्ही बोलणार आहोत ते या मागे राहिलेल्या मंडळींविषयी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि पुस्तकांच्या संगतीत अधिक झाले. परंतु कारखान्यांच्या दारांत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट आम्हांस पक्की ठाऊक आहे. यंत्रात वाचविलेला पैसा कोणाच्या तरी अंगावर निघतोच.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. डिस्क, छपाईयंत्र, नेटवर्कचे कार्ड या प्रत्येकाची बोली निराळी; ती सगळी कारभाऱ्याला कोठून येणार? म्हणून मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. बोलणे इकडून तिकडे पोचवावे एवढेच वस्तुतः त्याचे काम; पण उपकरण अपुरे निघाले, तर सांभाळून घेणेही त्याच्याच गळ्यात पडते.

आयबीएम कंपनीने आपला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. फ्लॉरिडातील बोका रटोन येथील एका लहान गटाने तो वर्षभरात उभा केला होता. वेळ थोडा आणि किंमत आटोक्यात ठेवावयाची, तेव्हा बाजारात तयार मिळणारे भागच घेतले गेले. त्यांत ८२३७ नावाची एक चिप होती. तिचे काम हमालाचे. प्रोसेसरला न गुंतविता डिस्कवरचा माल तिने थेट मेमरीत नेऊन टाकावयाचा; या वाहतुकीला डीएमए म्हणतात. परंतु ही चिप आधीच्या लहान यंत्रांच्या मापाची होती. तिला ६५,५३६ घरांपलीकडे मोजता येत नसे, आणि पीसीच्या मेमरीचा आवाका तर दहा लाख घरांहून अधिक होता. तेव्हा मेमरीच्या सोळा गल्ल्या कल्पून गल्लीचा क्रमांक वेगळ्या स्वस्त चिपेत लिहून ठेवण्याची तोड निघाली. मात्र दोन चिपांमध्ये हातचा घेण्याची सोय ठेवली नाही!

याचा परिणाम पहा. टपालवाल्याने गल्लीतले शेवटचे घर उरकल्यावर पुढच्या गल्लीत न शिरता त्याच गल्लीच्या पहिल्या घरी परतावे, आणि भलत्याची पत्रे तेथे टाकून यावे, तसा हा प्रकार. तेथे आधी असलेला मजकूर मुकाट्याने पुसला गेला असता. पीसीच्या कायम मेमरीतला मूळ प्रोग्रॅम एवढेच करी, की माल सीमा ओलांडतो असे दिसताच नऊ क्रमांकाची चूक दाखवून हात वर करी. पुढचे निस्तरणे डॉसच्या ड्रायव्हरकडे. त्याने मालाचे तुकडे पाडावे, सीमेवर सापडलेला ५१२ बाइटांचा तुकडा आधी निर्धोक जागी उतरवून घ्यावा, आणि मग तेथून योग्य ठिकाणी नेऊन ठेवावा.

१९८४ साली एटी हे मोठे यंत्र आले. गल्ल्या वाढल्या, हद्द १६ मेगाबाइटांवर गेली. हार्ड डिस्कच्या बाबतीत तर या हमालालाच रजा देऊन प्रोसेसरकडून माल वाहविण्यात आला. १६ मेगाबाइट तेव्हा अफाट वाटत. पण पुढच्याच वर्षी इंटेलचा ३८६ प्रोसेसर निघाला आणि त्याची नजर चार गिगाबाइटांपर्यंत पोचत होती. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले ते याच प्रोसेसरवर. अडॅप्टेक १५४२ सारखी डिस्कची कार्डे मात्र एटीच्या जुन्या सांध्यावर बसत आणि १६ मेगाबाइटांच्या वर त्यांचा हात पोचत नसे. म्हणून ड्रायव्हरने खालच्या भागात एक वखार राखून ठेवावयाची, कार्डाने माल तेथे टाकावयाचा, आणि प्रोसेसरने तो उचलून वर न्यावयाचा. या वखारीला बाउन्स बफर म्हणतात. आमच्या भाषेत ही दुहेरी उचल, आणि दुहेरी उचलीची मजुरी मागण्यासाठी आम्ही किती दारे ठोठावली ते आमचे आम्हांस माहीत! असो.

नेटवर्कच्या कार्डांत रिअलटेकची ८१३९ ही चिप अशीच स्वस्त. बाहेर जाणारे पॅकेट चार बाइटांच्या मापावर बसलेले नसेल तर ती घेत नसे. येणारी सगळी पॅकेटे एकाच हौदात ओती, तेथून ड्रायव्हरने ती एकेक काढावयाची. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल पॉल यांनी लिहिला, आणि चिपेवरचा आपला संताप त्यांनी ड्रायव्हरच्या मजकुरातच नोंदवून ठेवला. कामगाराने हजेरीपटावरच तक्रार लिहावी तसे ते आहे, आणि आम्हांस ते फार आवडले.

काटकसरीला आमचा विरोध नाही. ती नसती तर संगणक सामान्याच्या घरी इतक्या लवकर येता ना. आक्षेप आहे तो हिशेबाला. चिपेची वाचलेली किंमत वहीत दिसते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे महिने आणि प्रत्येक यंत्रावर रोज होणारी दुहेरी उचल कोणत्याच वहीत दिसत नाही.

२००३ पासून एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांमुळे मेमरी चार गिगाबाइटांपलीकडे सहज जाऊ लागली, आणि ३२ बिटी कार्डांसाठी तीच वखार पुन्हा उघडावी लागली. उपाय कोणास सुचला नव्हता असेही नाही. उपकरणाने दिलेला पत्ता बदलून माल हव्या त्या घरी पोचविणारी योजना, जिला आयओएमएमयू म्हणतात, ती सन कंपनीच्या १९९२ च्या स्पार्कस्टेशन १० या महागड्या यंत्रात होतीच. साध्या पीसीच्या वाट्याला ती येईपर्यंत २००० नंतरची वर्षे उजाडली. एटी अडगळीत गेल्यावरही कित्येक वर्षे लिनक्स खालचे १६ मेगाबाइट वेगळे राखीत होते.