आपण सगळे 'मुल्की'

आपल्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले हो?" कुणी कंधारचे, कुणी देगलूरचे, कुणी लातूरहून बदली होऊन नांदेडला आलेले. शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला आपल्याकडे एक सरकारी उत्तर होतं : 'मुल्की' की 'गैरमुल्की'?

अरबीतला 'मुल्क' म्हणजे राज्य, देश. आपला 'मुलूख' त्याचाच, 'मुलखावेगळा'सुद्धा. निजामाच्या हैदराबाद संस्थानात 'मुल्की' म्हणजे संस्थानचा रहिवासी आणि 'गैरमुल्की' म्हणजे बाहेरचा. नांदेड हा त्या संस्थानातला जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं.

भांडण नोकरीचं होतं. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांना मोठ्या जागा मिळायच्या आणि इथली शिकलेली मुलं मागं राहायची. म्हणून १९१९ च्या नियमांनी सरकारी नोकरीसाठी मुल्की असण्याची अट घातली. जन्मानं संस्थानचा प्रजाजन असेल तो मुल्कीच. पण बाहेरच्याला दार बंद नव्हतं. त्यानं १५ वर्षं इथं कायम राहायचं आणि मूळ गावी परत जायचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून द्यायचं, की तोही मुल्की.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, पण वाद मिटला नाही. १९५२ मध्ये हैदराबादेत गैरमुल्की नोकरदारांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबारात माणसं गेली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडं हा शब्द मागं पडला. १५ वर्षांची अट मात्र आजही ओळखीची आहे. मुलांच्या ॲडमिशनसाठी आपण तहसीलमधून जे डोमिसाइल काढतो, त्यातही १५ वर्षांचं वास्तव्य विचारतात.

आता आपल्या घरचं बोलू. सोसायटीला २५ वर्षं झाली. सभासद तो, ज्याच्या नावावर फ्लॅट. भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नाही. कायदा तसाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही भाडेकरू कुटुंबं १५ वर्षांहून जास्त काळ इथं आहेत. टँकरच्या दिवसांत आपल्याबरोबर घागरी घेऊन रांगेत तेही होते. त्यांची लेकरं इथंच वाढली. निजामाच्या नियमानंही त्यांना बाहेरचं म्हटलं नसतं.

रौप्यमहोत्सवानिमित्त गेटजवळ नावांचा नवा फलक लागणार आहे. त्यावर या कुटुंबांचीही नावं असावीत, अशी कमिटीला माझी विनंती आहे.