टांग्याचा पाठमोरा उतारू आणि मोटारीचा आंधळा कोन

नाशिक शहर आणि त्याचें आगगाडीचें स्टेशन यांच्यामध्यें सुमारें 8 किलोमीटरांचें, जुन्या हिशेबानें 5 मैलांचें, अंतर आहे. या अंतरामुळेंच स्टेशनाला आणि त्याच्याभोंवतीं वाढलेल्या वस्तीला ‘नाशिक रोड’ हें नांव पडलें. गोदावरीच्या स्नानास किंवा त्र्यंबकेश्वरास निघालेला यात्रेकरू येथें उतरे आणि टांगा ठरवी. 19 व्या शतकाच्या अखेरीस या वाटेवर घोड्यांची ट्रामही धांवूं लागली होती. 1930 नंतरच्या कांहीं वर्षांत ती बंद पडली. टांगा मात्र पुढेंही टिकला, आणि त्याची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. टांगेवाला पुढें तोंड करून बसे. मागच्या बैठकीवरील उतारू त्याच्याकडे पाठ करून, मागें पडत जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत. मागून कोणी भरधांव येऊं लागला तर ‘अहो, जरा कडेला घ्या’ असें सांगणारा डोळा वाहनांतच बसलेला होता. आपण कांहीं कामगिरी बजावीत आहों याची त्या उतारूला जाणीव नसे; पण कामगिरी पार पडे.

मोटार आली आणि सर्वांचीं तोंडें पुढें झालीं. आरंभींच्या पुष्कळशा मोटारी उघड्याच असत. टप पाडलेला असला म्हणजे नुसती मान वळवितांच चालकाला मागचें सारें दिसे. अडचण होई ती पावसांत. टप चढविला कीं मागें एक चिमुकला झरोका उरे, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत कापडाची भिंत उभी राही. त्या भिंतीआड जें दडतें तोच मोटारीचा आंधळा कोन. मनुष्याच्या डोळ्यांतही असा एक अंध बिंदु आहे. मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञानें 17 व्या शतकांत तो दाखवून दिला. परंतु एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. मोटारीला तो दुसरा डोळा बाहेरून आणावा लागला.

तो प्रथम आला एका स्त्रीच्या हातांत. डोरोथी लेव्हिट या इंग्रज चालक स्त्रीनें 1909 सालीं स्त्रियांसाठीं मोटारविषयक पुस्तक लिहिलें. त्यांत तिनें असा सल्ला दिला, कीं जवळ एक लहान हातआरसा बाळगावा आणि रहदारींतून जातांना मधून मधून तो उंच धरून मागचें पाहून घ्यावें. दोन वर्षांनीं, 1911 च्या मे महिन्यांत, अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें 500 मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारीं मेकॅनिक बसे आणि मागें वळून कोण येत आहे याची खबर देई. रे हॅरौन याची गाडी एकट्याच्या बैठकीची. तेव्हां ती इतरांना धोक्याची आहे अशी ओरड झाली. हॅरौननें गाडीवर आरसा बसविला आणि शर्यत जिंकली. शिकागो शहरांत एका घोडागाडीवर आरसा पाहून ही कल्पना सुचल्याचें तो सांगे. त्यानें पुढें कबूलही केलें, कीं विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरे कीं त्यांत कांहींएक दिसत नसे!

नाशिक रोडला लागूनच देवळालीची लष्करी छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धानें फौजांच्या हातीं उघडी, कापडी टपाची जीप दिली. ती मूळची अमेरिकन, म्हणून तिचें चाक डावीकडे. आणि आपली रहदारी रस्त्याच्या डाव्या अंगाची. 1947 पासून मुंबईच्या महिंद्र कंपनीनें जीप जुळविण्यास आरंभ केला, तरी डावें चाक दीर्घकाळ कायम राहिलें. पुढच्या बैलगाडीला ओलांडावयाचें तर चालकाला समोरून येणारें वाहन दिसण्यापूर्वीं सारी जीप उजवीकडे काढावी लागे. म्हणजे हा आंधळा कोन पाठीमागें नसून पुढें होता. जीपच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ हीं अक्षरें रंगविलेलीं असत. आपला दोष असा उघड सांगणारीं वाहनें थोडींच.

शर्यतीच्या ढंगाच्या दोन बैठकींच्या उघड्या मोटारींत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. बैठक जमिनीलगत, टप ठेंगणा. 1989 च्या माझ्दा एम. एक्स. 5 या लोकप्रिय गाडीच्या टपाला मागें प्लॅस्टिकचा पडदा होता. असा पडदा घड्या पडून व उन्हानें धुरकट होतो. 1998 च्या आवृत्तींत तेथें कांच आली. कोपरे मात्र आंधळेच राहिले. आरशांविषयीं जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्यानें 1995 सालीं एक साधी युक्ति मांडली. उजव्या चाकाच्या गाडींत तिचें रूप असें: डोकें उजव्या खिडकीशीं नेऊन उजवा आरसा इतका बाहेर वळवावा, कीं स्वतःच्या गाडीची कड त्यांत जेमतेम दिसावी, मग डोकें गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. ‘आपली गाडी आपल्याला नीट दिसली पाहिजे’ या हौसेपायींच बहुतेकांचे आरसे आंत वळलेले असतात.

नाशिक रोडच्या बिटको चौकासारख्या ठिकाणीं मात्र आरशांवर विसंबून भागत नाहीं. तेथें डाव्या कोपऱ्याशीं सायकलस्वार असतो, सिंहस्थांत डोक्यावर बोचकें घेतलेली यात्रेकरू म्हातारी असते; आणि ठेंगण्या गाडीच्या चढविलेल्या टपाआड दोघेंही सहज नाहींशीं होतात. वळण्यापूर्वीं खांद्यावरून एकदां मागें पाहावेंच लागतें. आणि तिरकस मिळणाऱ्या रस्त्यावर गाडी शक्य तितकी काटकोनांत उभी करावी, म्हणजे येणारें वाहन टपाच्या कोपऱ्यांतून नव्हे, तर बाजूच्या खिडकींतून दिसतें.